तिसऱ्या प्रकारची प्रॉक्सी

— लपायची प्रॉक्सी? तुम्हाला? नीलकंठकाका, तुम्ही रिटायर बँकवाले, माझ्या कॅफेत मुलाची ईमेल बघायला येता, तुम्हाला लपायचं कोणापासून? — बरं, आधी फरक ऐका. प्रॉक्सी मतलब आपण इथे काशीत, मंगला गौरीच्या गलीत बसून राहायचं, आपल्या वतीनं नेटवर दुसरंच कम्प्यूटर जाणार. आमचे बाबा पंचगंगा घाटावर नाशिकच्या यजमानासाठी तर्पण करतात ना, तसं. पहिल्या प्रकारात बाबा सरळ सांगतात — अमक्याच्या वतीनं करतोय, हे नाव, हे गोत्र. दुसऱ्यात म्हणणार, आहे एक यजमान, नाव विचारू नका. आणि तिसऱ्यात? तिसऱ्यात बाबा स्वतःच मुंडण करून बसणार, रडणार पण — जणू आजोबा पुन्हा गेले. हे दुसऱ्याच्या वतीनं चाललंय असा कोणाला संशयच नाही.

तुमच्या कोपऱ्यातल्या मशीनला पहिली लावलीय, पानं लवकर उघडतात. नाव लपत नाही तिच्यात. मी? मी तिसरी वापरतो. चॅटवर एक मराठी खोली उघडलीय — आई गेल्यावर घरात फक्त बाबा, आणि बाबा मंत्र सोडून काही बोलत नाहीत — म्हटलं, येईल कोणीतरी. कोणी आलंच नाही. मग कालिंदीला आणलं. मग मोहन. मग विद्युल्लता — कोण मतलब? मीच. सगळे मीच, काका, प्रत्येकाला वेगळी प्रॉक्सी. हसू नका, भांडणं पण होतात. विद्युल्लता सोमवारपासून माझ्याशी बोलत नाही. चूक माझी होती, मान्य, पण इतकं ताणायचं?

आणि मग तो ‘पथिक’ आला. रोज विचारणार — यज्ञेश, जेवलास का, खोकला कसा आहे. आधी वाटलं हा पण मीच, आणला असेन कधी, विसरलो असेन. पण खोकल्याचं मी कोणाला लिहिलंच नव्हतं. खोलीचा मालक मी, कोण कुठनं येतं ते मला दिसतं — बघितलं. पहिल्या प्रकारातनं आलेला, उघडाबोडका, पत्ता ह्याच दुकानाचा. आणि ह्या दुकानात मराठी येतं कोणाला? एक मी, आणि —

नाही, हे सांगणार नव्हतो. उठू नका, काका. लाजायचं काय त्यात. मुलाची ईमेल येत नाही, तेही माहितीय मला, तुम्ही नुसती रिकामी पेटी बघून बसता — जाऊ द्या. पथिक यायचा बंद झाला तर मग खोलीत मीच उरतो, बस. आणि तिसरीतनं आलात तरी तेच, मला कळणार कसं की हे तुम्ही, मी नाही? म्हणून ती मागू नका. बाकी काय पाहिजे ते मागा.

आता असे समोर उभे राहून बघू नका. मला तोंडावर बोलता येत नाही. जा, तुमचं मशीन रिकामं आहे. तिकडनं बोला.