चिमीची खुर्ची

आई : तिथे नका बसू, बाई. ती जागा माझ्या मुलीची आहे.

धाकटी : बरं. मी स्टुलावर बसते.

आई : राग मानू नका. ती खुर्ची रिकामीच ठेवते मी, आणि आज तर नाताळ आहे. चार वाजता तिचा फोन येतो.

दादा : आई, अगं ही चिमीच आहे. तीन आठवडे झाले तिला येऊन. नवरा, पोरगी, सगळं बिऱ्हाड घेऊन आलीय. कायमची.

आई : काहीतरीच तुझं. चिमी परदेशात असते. दवाखान्यात रक्त तपासते. अकरा वर्षं झाली. या बाई तिच्याच वयाच्या असतील, पण ती नाकीडोळी नीटस आहे.

धाकटी : हो, ऐकलंय मी तसं.

आई : तुमच्या बाहीची शिवण उसवलीय. जेवण झालं की काढून द्या, दोन टाके घालते.

धाकटी : द्याल घालून?

आई : चाळीस वर्षं शाळेचे गणवेश शिवलेत, बाई. डोळे मिटून घालीन.

दादा : चिमे, जरा स्वयंपाकघरात ये. ताटं काढायचीत.

धाकटी : आले. बोल.

दादा : दार लोटून घे, तिला ऐकू जातं. तू अशी हो ला हो करू नकोस ना तिच्यापुढे. ठासून सांग, मीच चिमी म्हणून.

धाकटी : पहिल्या दिवशी सांगितलं. दुसऱ्या दिवशी सांगितलं. तिसऱ्या दिवशी ती घाबरली आणि शेजारच्या काकूंना हाका मारायला लागली. आता नको.

दादा : मग रडून तरी घे एकदा.

धाकटी : येत नाही रे. विमानात वाटत होतं, घरी गेले की आईच्या गळ्यात पडून ढसाढसा रडेन. आता काही वाटतच नाही. दात काढताना सुई देतात ना, तसं सगळं बधिर झालंय.

दादा : चूक माझी आहे.

धाकटी : तुझी कशी?

दादा : दोन वर्षांपूर्वी ती नावं विसरायला लागली. म्हटलं, उद्या तुला विसरली तर तुला काय तोंड दाखवू. मग रोज प्रेसमधून आलो की फोन तिच्या पुढ्यात धरायचो. तुझे फोटो, तुझे व्हिडिओ. ही कोण? चिमी. कुठे असते? परदेशात. पाढे घोकून घ्यावेत तसं घोकून घेतलं. मला विसरते मधूनमधून, परवा पोस्टमन समजून पाणी विचारलं. तुला कधी विसरली नाही.

धाकटी : फक्त मी फोनातली पाहिजे.

दादा : हो. आणि परदेशातली.

धाकटी : नोकरी सोडली मी, दादा. पोरीची शाळा अर्ध्यावर मोडली. कशासाठी, तर आईला माझी ओळख आहे तोवर तिच्याजवळ राहावं म्हणून. तूच सांगायचास, तुला बरोबर ओळखते.

दादा : ओळखायचीच ना. खोटं नव्हतं ते.

धाकटी : खोटं कुठे म्हणतेय मी?

आई : अरे, ऐकतोस का? फोन कुठे ठेवलास? बरणीला टेकवून ठेव नेहमीसारखा. चार वाजत आले.

दादा : आलो, आई. ... चिमे, तुझ्या फोनसाठी ठेवलेला तो मोबाइल मी कपाटात टाकून दिला होता. म्हटलं, आता कशाला लागतोय.

धाकटी : काढ.

दादा : चिमे, अगं घरात बसून...

धाकटी : काढ आणि बरणीला टेकव. मी माडीवर जाते. तिने शिवून पाठवलेला निळा पडदा बॅगेत आहे, तो मागे लावते. फोनवर माझ्यामागे तोच दिसायचा.

दादा : आणि जेवायचं काय? तुझा नवरा आणि पोरगी चर्चमधून येतीलच इतक्यात.

धाकटी : फोन झाला की येते खाली. स्टूल आहेच.

(चार वाजता टेबलावरचा फोन वाजतो.)

आई : आली बघ. चिमे, दिसतेय का ग मी?

धाकटी : दिसतेस, आई. नाताळ सुखाचा जावो तुला.

आई : तुलाही. वाळलीस ग. आज आवाज किती जवळून येतोय तुझा.

धाकटी : लाइन चांगली आहे.

आई : पडद्याला चुण्या पडल्यात. उलट्या बाजूने इस्त्री फिरव, म्हणजे रंग जायचा नाही.

धाकटी : फिरवते.

आई : जेवलीस?

धाकटी : अजून नाही. तुमचं?

आई : आता वाढायचं. दादाने सगळं केलंय. नखांत शाई तशीच आहे त्याच्या. डिसेंबरात कॅलेंडरं छापतात ना, दम खायला वेळ नाही पोराला.

धाकटी : आई, मी तिकडे राहायला आले तर? कायमची?

आई : नको ग. तिथलं बस्तान मोडून कशाला येतेस? तू दिसतेस, बोलतेस, मला तेवढं पुरे.

धाकटी : बरं.

आई : आणि माझी काळजी करू नकोस. इथे एक बाई आल्यात. दादानेच ठेवल्या असतील कामाला. सकाळी माझी वेणी घालतात. हात हलका आहे, केस ओढत नाहीत.

धाकटी : बरं झालं मग.

आई : बोलत नाहीत फारशा. रोज स्टुलावर बसून जेवतात बिचाऱ्या, पाठीला टेकू नाही. चिमे, एक विचारू? रागावायचं नाही.

धाकटी : नाही रागावत. विचार.

आई : आज सणाचा दिवस आहे. फोन झाला की तुझी खुर्ची त्यांना देऊ का?

धाकटी : दे, आई.