चिंधीवरची कात्री

वकीलबाई : हरलो असं म्हणू नका हो, ताई. हायकोर्टानं आपला अर्ज ऐकला नाही, पण तुम्ही खोट्या आहात असं कुठे म्हटलंय? एवढंच म्हटलंय, की तुमच्या शिंप्यांच्या सोसायटीच्या निवडणुकीची तक्रार ऐकायला खाली सहकार कोर्ट आहे. आधी ती वाट चालून या. तिथे न्याय नाही मिळाला, तर आमचं दार आहेच.

सून : तुम्ही पहिल्या दिवसापासून हेच सांगत होता. मीच हट्ट केला.

वकीलबाई : केलात खरा. आधी पायरी, मग कळस, असं घसा कोरडा करून सांगितलं. असो, झालं ते झालं. मुदत आहे अजून. उद्या खाली अर्ज टाकू.

सून : नको.

वकीलबाई : काय नको?

सून : खाली नको. राहू द्या आता. माझे कागद तेवढे द्या, मी निघते.

वकीलबाई : अहो, बसा! परवा हायकोर्टाचा जिना माझ्या आधी चढून गेलात, आणि आज खालच्या कोर्टाचं नाव काढलं तर तोंड उतरलं? सोसायटीच्या कमिटीवरची ती जागा कशाला हवी होती, विसरलात? सोसायटीला शाळेच्या गणवेशांचं काम मिळतं, ते जातं सगळं अध्यक्षांच्या मेहुण्याच्या दुकानात. घरी बसून काज-बटण करणाऱ्या बायकांच्या वाट्याला येतात उरलेसुरले तुकडे. ‘आमच्यातली एक तरी आत बसली पाहिजे’, हे कोण म्हणालं होतं?

सून : मीच.

वकीलबाई : आणि तुमचा उमेदवारी अर्ज बाद करून त्यांनी त्याच मेहुण्याला बिनविरोध बसवला.

सून : माहीत आहे हो! रोज त्या बायका विचारतात, काय झालं म्हणून. मला त्यांच्या तोंडाकडे बघवत नाही.

वकीलबाई : मग? हायकोर्ट चालतं आणि सहकार कोर्ट चालत नाही, हे काय गौडबंगाल आहे?

सून : तिथे साक्षीदार बोलावतात ना?

वकीलबाई : बोलावणारच. हायकोर्ट कागद बघतं, खाली माणूस उभा करावा लागतो. तुमच्या सूचकाची सही खोटी आहे म्हणून अर्ज बाद झाला. सूचक कोण, तुमचे सासरेच. मास्तर येतील, ‘सही माझीच’ म्हणतील, जजसमोर एक करून दाखवतील. संपला विषय.

सून : ते नाही येणार.

वकीलबाई : का? गावाहून परतले नाहीत अजून?

सून : माझे कागद द्या ना, निघते मी.

वकीलबाई : ताई, ताकाला जाऊन भांडं लपवू नका. छाननीच्या दिवशी अधिकारी म्हणाला, मास्तरांना आणा, माझ्यासमोर सही करू दे. तुम्ही म्हणालात, ते गावाला गेलेत. मलाही तेच सांगितलंत. गेले होते?

सून : नाही. दुकानातच होते.

वकीलबाई : आणि सही? खरं सांगा, मी तुमचीच वकील आहे. तुम्ही केलीत?

सून : देवाशपथ नाही! त्यांचीच आहे. सुनेच्या अर्जावर पहिली सही माझी, म्हणाले, आणि माझ्यासमोर केली. पण हात थरथरतो हो त्यांचा. वर्ष होत आलं. सभासद झाले तेव्हाची सोसायटीतली सही आणि ही सही शेजारी ठेवली, तर एका माणसाची आहे असं मलासुद्धा वाटणार नाही.

वकीलबाई : एवढंच ना? मग डॉक्टरचा दाखला जोडला असता तर तिथल्या तिथे…

सून : एवढंच? अहो, कटर आहेत ते! कटरचा हात गेला म्हटल्यावर राहिलं काय? भारी कापड घेऊन लोक येतात ते ‘मास्तरांच्या हातचं’ म्हणून. पहाटे उठून सगळं मी कापून ठेवते. गिऱ्हाईक आलं की ते टेबलाशी उभे राहतात आणि चिंधीवर कात्री चालवतात. नुसता आवाज. कापड कधीच कापून झालेलं असतं.

वकीलबाई : थांबा. हा माझा नवा कोट?

सून : मीच कापलाय. रागावलात?

वकीलबाई : रागवायचं काय त्यात. इतक्या वर्षांत खांदा पहिल्यांदा नीट बसलाय, म्हणून नवल वाटत होतं.

सून : झाकली मूठ आहे ती, तशीच राहू दे. मला लबाड म्हणतात, म्हणोत. पण त्यांना पिंजऱ्यात उभं करायचं, सगळ्या बाजारासमोर ‘करा सही’ म्हणायचं, आणि समोरच्या वकिलानं फिदीफिदी हसायचं? नाही जमणार मला. लग्न होऊन आले तेव्हा धड सुईत दोरा ओवता येत नव्हता. त्यांनी मला शेजारी उभं करून शिकवलं. पोटच्या पोराला कात्री दिली नाही, मला दिली.

वकीलबाई : तुमच्यावर खोट्या सहीचा ठपका आलाय, हे ठाऊक आहे त्यांना?

सून : नाही. कागदात काहीतरी चूक निघाली, असं सांगितलंय.

(दार न वाजवताच उघडतं. गळ्यात टेप तशीच, उजवा हात खिशात खुपसलेला, असे मास्तर धापा टाकत आत येतात. सुनेकडे बघतही नाहीत.)

मास्तर : वकीलबाई, माझी सून लबाड आहे का?

सून : मामंजी! तुम्ही इथे कसे?

मास्तर : तू गप्प बस. तो बटणवाला आला होता. चार गिऱ्हाइकांसमोर म्हणतो, ‘मास्तर, सून हुशार निघाली हो, तुमची सही मारली म्हणे!’ आणि वर हसतो मेला! तसाच उठून आलो, दुकान उघडं टाकून.

सून : उघडं टाकून? अहो, कुणी काही नेलं म्हणजे?

मास्तर : नेऊ दे चिंध्या!

वकीलबाई : मास्तर, आधी बसा. पाणी घ्या. सही तुमचीच ना?

मास्तर : नाहीतर कुणाची? इतकी घाण सही दुसऱ्या कुणाला जमणार आहे?

वकीलबाई : मग ते कोर्टात सांगावं लागेल. करून दाखवावी लागेल. हात खिशातून काढावा लागेल.

सून : काही लागणार नाही. मी केस सोडली.

मास्तर : कुणाला विचारून सोडलीस? अगं, वर्षभर रोज पहाटे तुझ्या कात्रीचा आवाज ऐकत पांघरुणात पडून राहतो मी. हात थरथरतो त्याची लाज नाही वाटत. म्हातारपण आहे, चालायचंच. तू कापतेस आणि ‘वा मास्तर’ मी ऐकून घेतो, त्याची वाटते. आता तर माझा हात झाकायला तू स्वतःला काळं फासून घेतलंस. आणि मी तिकडे चिंधी कापत बसलो!

सून : मला नव्हतं काही वाटत, मामंजी.

मास्तर : मला वाटतं ना!

वकीलबाई : पण नीट विचार करा, मास्तर. समोरचा वकील सोडणार नाही. हात असा, तर दुकान कसं चालतं, असं विचारेल. शपथेवर सांगावं लागेल. उद्या गिऱ्हाईक तुटलं तर?

मास्तर : तुटलं तर तुटलं. ज्याला कपडा हवा तो येईल. ज्याला माझं तोंड बघायचंय त्याला खुर्ची देऊ, बसेल बघत. तुमचा कोट कसा झालाय?

वकीलबाई : फक्कड.

मास्तर : माझ्या हातचा असता तर खांद्याला चुणी पडली असती. तुमचा डावा खांदा जरा उतरता आहे. मला तो कधी साधला नाही. हिला पहिल्या फटक्यात साधला. मनातून जळलो मी त्या दिवशी, आणि रात्री दोन घास जास्त जेवलो.

सून : हे कधी बोलला नाहीत.

मास्तर : बोललो असतो तर कात्री खाली ठेवावी लागली असती.

वकीलबाई : मग तुमचं शपथपत्र आत्ताच लिहून घेते. नाव-गाव आहे माझ्याकडे. धंदा काय लिहू? कटर?

मास्तर : लिहा, चिंध्या कापणे.

वकीलबाई : मास्तर, कोर्टाचा कागद आहे हा.

मास्तर : बरं, मग लिहा, काम सोडलं. हिच्या कागदावर काय लिहिलंय?

वकीलबाई : ‘घरकाम, आणि दुकानात मदत.’

मास्तर : खोडा ते.

सून : मामंजी, कशाला उगीच…

मास्तर : खोडा म्हणतो ना! तिथे लिहा, कटर. आणि पेन द्या इकडे. सूनबाई, मनगट नको धरू माझं. होऊ दे वाकडी. तू नुसता कागद धर.