दादाच्या हाताची मूठ

...आणि तो भुगा, तुम्हाला सांगतो, लोखंडाचा तो बारीक भुगा कुठे कुठे जाऊन बसतो याचा आमच्या घरात रोज पंचनामा होतो, उशीवर, चहाच्या कपात, हिच्या ठेवणीतल्या साडीवर, आणि दर वेळी ही एकच विचारते, "पण तलवार करून मारायचंय कोणाला?" बरं, ही बायको आहे, तिला हक्क आहे, पण वरच्या मजल्यावरचे काका तेच विचारतात, पात्यासाठी ट्रकच्या स्प्रिंगचा जुना पाटा देणारा भंगारवाला तेच विचारतो... अहो, दिवसभर चष्म्याच्या दुकानात मुंगीएवढे स्क्रू पिळणाऱ्या माणसाला संध्याकाळी काहीतरी लांबलचक हातात धरावंसं वाटलं, तर त्यात मारायचा प्रश्न कुठे येतो? हौस हो, दुसरं काय.

तर ती तलवार. महिनोन्‌महिने कानस चालवून पातं आकाराला आणलं, मागच्या अंगणात भट्टीत लाल केलं, तेलात बुडवलं... आणि तेलातून एवढासा आवाज आला. टिच्. म्हणजे मधोमध तडा. संपलं. ज्याने कधी पात्याला पाणी दिलंय ना, म्हणजे असं तापवून, बुडवून कडक केलंय, त्यालाच कळेल.

ते पातं मांडीवर घेऊन बसलो होतो आणि वहिनीचा फोन आला, दादा जेवत नाही म्हणून. दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. इस्पितळाच्या स्वयंपाकघरात आचारी होता, कांदा चिरायला बसला की बाकीचे हातातलं काम थांबवून बघत राहायचे. अर्धांगवायूने त्याचा उजवा हात गेला. गेला म्हणजे आहे, पण बोटं अर्धी मिटलेली आणि मनगट वळत नाही. बोलणं परत आलं होतं, पण बोलायचा नाही. मी गेलो तेव्हा वहिनी त्याच्या ताटातलं सगळं बारीक करून देत होती, आणि तो त्या तुकड्यांकडे असा बघत होता, की मी चपला काढायच्या विसरलो.

दुसऱ्या दिवशी ओल्या मातीचा गोळा घेऊन गेलो. त्याची बोटं एकेक करून त्यावर बसवली आणि वरून माझा हात दाबून धरला. लहानपणी रस्ता ओलांडताना धरला असेल, त्यानंतर आत्ताच. तो खिडकीकडे तोंड करून बसला. मी मातीकडे बघत बसलो. दोघंही हट्टी हो, दुसरं काय.

त्या ठशाबरहुकूम लाकडाची मूठ कोरली, करवतीला असते तशी उभी, म्हणजे मनगट वळवायलाच नको. पातं त्या तडकलेल्या तलवारीच्या शेंड्याचं, आखूड करून पुन्हा तापवलं, पुन्हा तेलात घातलं, कान देऊन उभा राहिलो... काही नाही. शांत. मग घासत बसलो, पॉलिश पेपरवर पेपर, पार त्यात माझं तोंड दिसेपर्यंत. आणि या खेपेला हिने काही विचारलं नाही, गुपचूप येऊन भुगा झाडून गेली.

सुरी बघितल्यावर वहिनीचा चेहरा उतरला.

"भावजी, यांच्या हातात चमचा टिकत नाही, आणि तुम्ही सुरी देताय?"

बोट कापलं असतं तर मी कुठे तोंड दाखवणार होतो? पण दादाने स्वतःच हात पुढे केला. मूठ त्या मिटलेल्या बोटांत जाऊन बसली. वहिनीने एक टोमॅटो फळीवर ठेवला आणि भिंतीला टेकून उभी राहिली. दादाने पातं टेकवलं, थांबला, ओढलं. साल फाटली नाही, कापली गेली. मग दुसरा काप, मग तिसरा, वेडेवाकडे, एक जाड, एक कागदासारखा, पण त्याचे. वहिनीने पदर तोंडाला लावला. माझंही नाक वाहायला लागलं, तेवढ्यात दादाने सुरी खाली ठेवली, काप निरखले, आणि किती तरी दिवसांनी अख्खं वाक्य बोलला. मी सरसावून बसलो हो, आता काय बोलतो म्हणून.

"मूठ ठीक आहे," म्हणाला, "पण पातं जाड ठेवलंयस."

गेलो घेऊन परत घासायला.