टाकीच्या खांबातलं मीठ

आमी मूळचं कुरुंदवाडकडचं, बौद्ध वस्तीतलं, बाप गवंडी, आन् मी कोल्हापुरात एका कॉलेजच्या सिमेंटच्या लॅबमधी हेल्पर लागलो, म्हंजे खांबाला ड्रिल मारायचं, भुकटी काढायची, बाटलीत भरायची, ह्येच आमचं काम बघा.

काय सांगू तुम्हाला, दोन हजार सालानंतर आमच्याच वस्तीतली पाण्याची टाकी तपासायला आली. ती बांधताना खाऱ्या हिरीचं पाणी वापरलंतं, त्ये मीठ आतल्या सळीपतोर गेलं, सळ्या गंजल्या, खांब फुटाया लागलं, आन् खाली बालवाडी की. मग लॅबच्या मॅडमनी खांबास्नी जाळी बांधली, ओली पोती गुंडाळली, बारीक करंट सोडला, त्यानं मीठ भाईर वडून येतंय. आता निघालं का न्हाई ह्ये बघायचं हुतं. न्हाई निघालं तर टाकी पाडणार, आन् बायास्नी परत नदीवरनं घागरी. समदी वस्ती मला म्हणाली, तू आपला हाईस, पास करून सोड की.

भुकटी घिऊन आलो, मॅडमनी औषधाचा थेंब टाकला, मीठ असलं की पांढरं हुतंय, तर समद्या बाटल्या दुधावानी. मॅडम म्हणाल्या, समद्याच सारख्या कशा, बाटल्या कुणी धुतल्या का? मी तशीच यष्टी धरून वस्तीत आत्तीकडं गेलो, बापाची भन ती, भुकटी काढायला गेलो की तिच्याकडंच जेवायचो. ती म्हणाली, व्हय, म्याच विसळल्या, तू जेवत हुतास तवा, त्याच खाऱ्या हिरीच्या पाण्यानं, भांडं विसळल्याबिगर कुणाच्या हातात द्यावं व्हय रं?

परत कोऱ्या बाटल्या नेल्या, आत्तीला हात लावू दिला न्हाई, ती रुसली. थेंब पडत गेलं, एकेक खांब निवळ निघाला, जिवात जीव आला, आन् बालवाडीकडचा पांढराफेक. मॅडमनी परत केलं, परत पांढरा. मला रडूच आलं.

वस्तीत सांगायला मीच गेलो. माणसं अंगावर आली, हरामखोरा, आपल्याच लोकांचं पाणी तोडतोस व्हय. तवा आत्ती म्होरं झाली, म्हणाली, गप बसा रं, घागरी मी वाहीन, पर पोरं आता हितं बसायची न्हाईत. आन् तिनंच बालवाडीला कुलूप घातलं.

टाकी पाडली तवा त्या खांबातली सळी हातानं मोडली बघा. नवी टाकी व्हायला लई वरसं गेली, घागरी वाहून आत्तीची कंबर गेली ती गेलीच. बालवाडीतली ती पोरं आता मिशा फुटल्याली बाप्ये झाल्यात, मी दिसलो की म्हणत्यात, टाकी पाडणारा आला. शिव्या पण देत्यात. देऊ देत की. द्यायला हाईत, ह्येच लई झालं.