व्यत्यय

— नाही हो ताई, व्हायरस-बियरस काही नाही. कीबोर्डची ही एक कळ अडकलीय, हीच. दाबलेलीच राहिलीय, आणि आतला प्रोसेसर दर वेळी हातातलं काम टाकून तिच्याकडे धावतोय — काय गं, काय हवंय? काही नाही. परत कामाला बसतो, की परत हाक. मग तुमचं काम उरकणार कधी? — हसू नका, खरंच तसंच असतं. कळ दाबली की आत हाक जाते, तिला पुस्तकात व्यत्यय म्हणतात. आता शब्दच चुकीचा. व्यत्यय म्हणजे त्रास ना? त्याला कुठला त्रास! उलट 'कोणी बोलावलं का, कोणी बोलावलं का' करत हिंडावं लागत नाही. कुठवर आलो होतो ते ध्यानात ठेवतो, जाऊन येतो, पुढे चालू. आणि एखादा प्रोग्राम मांडी ठोकून बसलाच, तर आतलं घड्याळ त्याला टोचतं — ऊठ बाबा, दुसऱ्याला बसू दे. म्हणून तर गाणीही चालतात आणि टायपिंगही. माणसाला कुठे असलं घड्याळ?

बसा ना. — वर कोण? वर माझी आत्या असते. तिनेच वाढवलं मला. पडली, खुबा मोडला, तेव्हापासून अंथरुणावर. मीच बटण करून दिलं तिला, उशीपाशी. दाबलं की इथे टेबलावर बझर. काय ऐट होती माझी! आणि मग सुरू — पाणी दे, पंखा कमी कर, जिन्यात कोण बोलतंय. एकदा गिऱ्हाईक उभं ठेवून धावत गेलो, तर म्हणे, "काही नाही रे, आहेस का बघितलं." आता सांगा! — मग काय, आवाज बंद केला बझरचा. यंत्रातही करतात तसं, नाजूक काम असलं की हाका थोडा वेळ कानाआड. थोडा वेळ, बरं का. मी विसरलो. विसरलो म्हणजे — खोटं कशाला बोलू, शांतता आवडली. जेवण घेऊन वर जायचो, बझरबद्दल ती कधी बोलली नाही, मी कधी विचारलं नाही.

काल मन खायला लागलं म्हणून आवाज परत चालू केला. बराच वेळ झाला, वाजेचना. वाटलं वायर तुटली, पक्कड घेऊन वर गेलो. वायर धडधाकट. बटण शेजारच्या स्टुलावर, वायरीची नीट गुंडाळी करून ठेवलेलं. म्हटलं, आत्या, हे काय? तर म्हणते, "कशाला रे तुझ्या कामात व्यत्यय." तोच शब्द, ताई! शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. आणि मी काय म्हणालो? बरं म्हणालो. नुसतं बरं, आणि खाली आलो. लाज वाटते हो.

— हो हो, तुमचं. राहू द्या इथेच, उद्या न्या. आत्ता नाही होणार, दुकान बंद करतोय. वर जायचंय मला. — नाही हो, कुठला बझर? नाही वाजला. तिने नाही बोलावलं. उठा ताई, चला — दाराशी पायरी आहे, जपून.