मधेच सोडून गेलेली माणसं

आदरणीय अध्यक्ष महाराज, व्यासपीठावरील डॉक्टर मंडळी, आज निवृत्त होत असलेल्या आमच्या बाई, आणि निरनिराळ्या रुग्णालयांच्या ग्रंथालयांतून आलेल्या सहकाऱ्यांनो,

बाईंविषयी चार शब्द बोल, असं मला सांगितलंय. चारात मावणाऱ्या बाई असत्या तर आम्ही त्यांना एवढे घाबरलो असतो का? औषधाच्या चाचणीचा शोधनिबंध डॉक्टरांना काढून द्यायचा, आत डोकवायचं नाही, अशी आम्हा ग्रंथपालांची रीत. आम्हाला निबंध जोखायला शिकवताना बाईंनी ती पहिल्याच तासाला मोडली. निष्कर्षावर कोरा कागद ठेवून विचारायच्या, "चाचणीत किती जण आले? शेवटपर्यंत किती उरले? बाकीचे कुठे गेले?" अध्यक्ष महाराज, हसू नका, तुमच्याही निबंधावर आमचा एक तास झालाय.

कौतुक इथेच थांबवते, कारण मी पुरती अडकले आहे. माझा दादा एक औषध घेतोय. त्याने अन्न जात नाही, हात थरथरतात. त्याला ते सोडायचंय, वहिनी सोडू देत नाहीत. त्यांनी त्या औषधाचा निबंध मिळवून माझ्यापुढे ठेवला. "वन्सं, तुम्ही हे शिकलात ना? ह्यांना समजावून सांगा. दहांतल्या सात जणांना गुण आलाय."

मी वाचला. जवळजवळ निम्मी माणसं मधेच सोडून गेली होती. दहांतले सात हा हिशेब फक्त शेवटपर्यंत उरलेल्यांचा होता.

बाईंना विचारलं, तर म्हणाल्या, "आपण निबंध जोखतो, रोगी नाही. त्यांना डॉक्टरांकडे ने." खरं आहे. पण जेवताना दोघंही माझ्या तोंडाकडे बघतात. बोलले तर वहिनींची आशा जाते, गप्प बसले तर दादा गोळ्या गिळत राहतो. इकडे आड, तिकडे विहीर. "अजून वाचतेय" म्हणत मी वेळ मारून नेतेय.

उद्यापासून बाईंचा वर्ग माझ्याकडे येतोय. घरी सांगायला जीभ रेटत नाही, ते वर्गात कुठल्या तोंडाने शिकवू?

दादा-वहिनी दोघंही आज हौसेने दुसऱ्या रांगेत बसली आहेत. वहिनी, इथेच सांगते, कारण इथे तुम्हाला मला गप्प करता येणार नाही. त्या निबंधाच्या जोरावर दादाला अडवू नका. औषध वाईट आहे, असंही मी म्हणत नाही. गेलेल्यांचं काय झालं, हे त्यात कुणी विचारलेलंच नाही. दादा, मनानेच गोळी बंद करू नकोस. सकाळी तिघं डॉक्टरांकडे जाऊ. तिथे तू बोलायचंस.

बाई, तुमचे आभार मानते. आज ते जरा जडच जाताहेत. बोलण्यात काही उणंअधिक झालं असेल तर सभागृहाने पोटात घालावं. वहिनींना ते इतक्यात जमायचं नाही, आणि आम्हाला घरी एकाच गाडीतून जायचंय.