रक्तातलं संगीत आणि बाळाचा खुळखुळा

रक्तात! अहो, पेपरात छापून आलंय, ‘चौघांच्याही रक्तातच संगीत होतं’ म्हणून... सरका जरा ताई, बाळाची पिशवी ठेवते... हां, तर रक्तात! तुम्हाला सांगते, वाचलं आणि माझंच रक्त उसळलं. माझ्या बाळंतपणात डॉक्टर म्हणाले होते, रक्त लागेल, माणसं बोलावून ठेवा. चौघांतला एक तरी फिरकावा? एकाला ताप, एकाचा टेम्पो पंक्चर, एकाला सुट्टी नाही, आणि आमचे हे? हे आले की! नर्सनं सुई नुसती दाखवली आणि हे आडवे! माझ्याआधी ह्यांनाच खाट द्यावी लागली. तेव्हा कुठं गेलं होतं हो ते संगीतवालं रक्त?

बँड आहे ह्यांचा. कानठळ्या बसतील असं वाजवायचं आणि केस उडवत मान हलवायची, तसला. ह्यांना केस नाहीत, म्हणून हे नुसतीच मान हलवतात. परवा पेपरवाली मुलगी आली मुलाखतीला, आमच्याच घरी. तिनं एकेकाला विचारलं, ‘तुम्ही संगीताकडे कसे वळलात?’ आणि मी आत दाराशी बाळाला भरवत सगळं बघतेय, ऐकतेय. अशा थापा, अशा थापा, की चमचा बाळाच्या तोंडाऐवजी कानात जायचा!

पहिला तो गाणारा. माझा चुलतदीर. डोळे मिटून म्हणतो, ‘आईच्या अंगाईतून सूर कानात पडला...’ त्याची आई म्हणजे माझी चुलतसासू. ती गुणगुणायला लागली की शेजारचे दार वाजवून विचारतात, सगळं ठीक आहे ना म्हणून! अहो, हा फर्निचरच्या दुकानाबाहेर माइक घेऊन ओरडायला होता. ‘याऽऽ या, कपाटावर गादी फुकट, याऽऽ!’ पुढं मालकानं ओरडणारं यंत्र आणलं, तेच ते रेकॉर्ड केलेलं. ह्याला घरी बसवलं, पण माइक काही सुटेना. स्वतःच्या बायकोकडं मीठ जरी मागितलं तरी मूठ तोंडाशी धरतो आणि शेवटचा शब्द लांबवतो, ‘मीऽऽठ!’ आणि म्हणे रक्तातच होतं!

दुसरा गिटारवाला. दातांच्या डॉक्टरांकडे कंपाउंडर आहे. तो काय म्हणाला? ‘एकटेपणात गिटारनं मला साथ दिली.’ कसला एकटेपणा हो? दोन खोल्यांत नऊ माणसं राहतात, बाथरूमला नंबर लावतात! ह्याचा हात मोडला होता. प्लास्टर काढलं तेव्हा डॉक्टर म्हणाले, बोटांना व्यायाम द्या, रोज पीठ मळा. त्याची आई काय खूश! नऊ माणसांचं पीठ काढून परात ह्याच्यापुढं सरकवली. दुसऱ्याच दिवशी हा गिटार घेऊन आला. ‘आई, ह्यानंसुद्धा बोटांना व्यायाम होतो!’ परातीला घाबरून संगीतात आलेला माणूस आहे तो!

तिसरा टेम्पोवाला. त्याचं सरळ आहे बिचाऱ्याचं, त्याच्याकडे टेम्पो आहे. सामान न्यायला कुणीतरी हवं होतं. पण नुसतं ‘तू सामान वाहा’ कसं म्हणायचं, वाईट दिसतं, म्हणून त्याच्या हातात एक चार तारांची गिटार दिली. ती वाजली काय, न वाजली काय, कुणाला कळत नाही. त्यालाही नाही. पेपरवालीनं विचारलं तर खरं सांगायला लागला होता, ‘माझा टेम्पो...’ तर गाणाऱ्यानं पायावर पाय दिला. मग म्हणाला, ‘...टेम्पो म्हणजे लय हो, ती रक्तातच होती.’ बघा! टेम्पोलाही रक्त फुटलं!

आणि आमचे हे. ड्रम! वॉशिंग मशीन दुरुस्त करतात. काय सांगावं पेपरवालीला? ‘मशीन पिळायला लागलं की जी धडधड होते ना, तीत मला ताल सापडला.’ मी आतून ऐकलं आणि म्हटलं, सापडला? आमच्या घरचं मशीन बाळ जन्मायच्या आधीपासून बंद आहे! बाळाची दुपटी मी हातानं धुते!

खरं काय, मी सांगू? आमचा भोंगा... बाळाला भोंगाच म्हणतो आम्ही, आवाज तसा आहे... संध्याकाळ झाली की सुरू. दिवे लागले की जे रडायला लागायचा ते जेवणं होईपर्यंत. पोट दुखतंय का, कान दुखतोय का, श्वास लागतोय का, माझ्या जिवाची नुसती उलघाल. मी म्हणायची, ‘अहो, जरा घ्या ना ह्याला, माझे हात गळून पडलेत.’ तर हे दोनदा थोपटायचे आणि म्हणायचे, ‘अगं, माझ्याकडे राहत नाही तो.’ राहत नाही म्हणजे काय, भाडेकरू आहे का तो? आणि त्याच महिन्यात ह्यांना संगीत सापडलं. प्रॅक्टिस कधी? बरोब्बर दिवेलागणीला, आणि तीही घराबाहेर! ड्रमचा आवाज चालतो हो ह्यांना, पोराचा चालत नाही!

मला दुसरं काही नको होतं. तेवढी संध्याकाळ ह्यांनी बाळाला घ्यावं, बस्स.

मग ती स्पर्धा निघाली. गाणं रेकॉर्ड करून पाठवायचं होतं. कुणीतरी ह्यांना सांगितलं, भिंतींना गाद्या लावल्या की आवाज घुमत नाही. झालं! रेकॉर्डिंग आमच्या घरी, आणि घरातल्या सगळ्या गाद्या भिंतीला उभ्या! मी म्हटलं, ‘बाळाला निजवू कुठं?’ तर चुलतदीर म्हणतो, ‘वहिनी, आजच्या दिवस उभ्यानंच घ्याऽऽ.’ सात महिन्यांचं पोर, एवढा दणका, त्याच्या कानाचं काय? कापूस घातला तर आत राहील का? मला हीच काळजी. आणि गाणं ऐन रंगात आलं आणि भोंग्यानं सूर लावला. हे ड्रमवरून डोळे वटारतायत. मी काय करणार, उचलला खुळखुळा आणि हलवला, हलवला, हलवला, गाणं संपेपर्यंत हलवला.

आणि निवड झाली की हो! परीक्षकांनी काय कळवलं? गाणं साधारण आहे, पण मागचं ते छुनछुन वेगळंच आहे, वादकाला आमचं कौतुक कळवा!

चौघं रांगेनं उभे राहिले माझ्यापुढं. ‘वहिनी, तुम्हाला यावंच लागेल.’ मला! शाळेत गाण्याच्या तासाला बाई म्हणायच्या, तू नुसते ओठ हलव. आणि सातवीनंतर शाळाच सुटली, तर ओठ हलवायचंही राहिलं. मला वाटलं, आता सापडले हे! म्हटलं, येईन, पण मी वाजवताना बाळ ह्यांच्याकडं. तर हे केवढ्या साळसूदपणे म्हणाले, ‘अगं, मग ड्रम कोण वाजवणार?’

आता दिवेलागणीला आम्ही तिघंही प्रॅक्टिसला. उजव्या हातात खुळखुळा, डाव्या कडेवर भोंगा. मला हे घरी हवे होते हो, मी बाहेर नको होते!

पेपरवालीनं जाता जाता मलाही विचारलं, ‘आणि ताई, तुम्ही संगीताकडे कशा वळलात?’ म्हटलं, ‘वळले कुठली बाई, बाळ रडत होतं आणि घ्यायला दुसरं कुणी नव्हतं.’ तर हे बघा काय छापलंय... ‘वहिनींच्या तर रक्तातच संगीत!’

अगं बाई, आमचा नंबर आला वाटतं. भोंग्याचं रक्त तपासायचंय, डॉक्टर म्हणाले जरा फिकट दिसतो. कालपासून दर तासाला त्याची नखं बघतेय मी. हे? हे नाही आले, ह्यांना सुई बघवत नाही. अरे रडू नको रे राजा, नाही हं, नाही... खुळखुळा? तो नाही हो ताई, तो टेम्पोत. तो आता बँडच्या सामानात जमा झालाय. किल्ल्या असल्या तर द्या जरा तुमच्या...

आले सिस्टर, आले. जरा जपून काढा हं. त्यात अख्खा बँड आहे म्हणे.